दोघांत उचललेली बादली

दोघांनी मिळून बादली उचलली की ओझं निम्मं होतं, असं आपण धरून चालतो. दोघं खेटून चालत असतील तर ते खरंच आहे. बादली 10 किलोची, हात सरळ खाली, तर प्रत्येकाच्या वाट्याला 5 किलो. आता जरा लांब लांब व्हा. दोन हातांमधला कोन 120 अंश झाला, की प्रत्येकाला पुरा 10 किलोचा जोर लावावा लागतो. म्हणजे मदतीला माणूस आला आणि आपलं ओझं होतं तेवढंच राहिलं!

(वजन ही खरं तर न्यूटनमध्ये मोजायची गोष्ट. इथे किलोच बरे.)

अकरावीतली मुलं हे उत्तर वर्गमुळाच्या लांबलचक सूत्राने काढतात. तेही बरोबरच, पण आधी कंपासपेटी उघडावी. प्रत्येक जोरासाठी एक बाण काढायचा, जोर जेवढा तेवढी लांबी आणि जिकडे जोर तिकडे टोक. 1 सेंटीमीटर म्हणजे 1 किलो असं प्रमाण घ्या. बादलीच्या वजनाचा बाण सरळ खाली, 10 सेंटीमीटर. त्याच्या टोकापासून पहिल्या हाताचा बाण उजवीकडे वर, उभ्या रेषेशी 60 अंशांत, तोही 10 सेंटीमीटर. त्याच्या टोकापासून दुसऱ्या हाताचा, तसाच डावीकडे वर. हा तिसरा बाण नेमका निघालो होतो तिथेच येऊन टेकतो. समभुज त्रिकोण! साखळी बंद झाली म्हणजे बेरीज शून्य, म्हणून बादली स्थिर.

बाण असा उचलून दुसरीकडे नेलेला चालतो का, ही शंका बहुतेकांना येते. चालतो, लांबी आणि दिशा तेवढी बदलायची नाही. चूक होते ती वेगळीच. दोन्ही बाण एका बिंदूतून काढायचे आणि त्यांची टोकं जोडून मोकळं व्हायचं. त्या रेषेने मिळते ती वजाबाकी. बेरजेला एकाच्या टोकाशी दुसऱ्याचं शेपूटच लागतं.

न्यूटनने 1687 मध्ये ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात गतीचे तीन नियम मांडले आणि त्यापाठोपाठ पहिलंच उपप्रमेय दिलं ते याच बेरजेचं. त्याआधी, 1586 मध्ये, सायमन स्टेव्हिन हा फ्लेमिश गणितज्ञ बलांचे त्रिकोण काढत होता. सदिशाला, म्हणजे अशा बाणाने दाखवता येणाऱ्या राशीला, ‘व्हेक्टर’ हे नाव मात्र एकोणिसाव्या शतकात आयरिश गणितज्ञ हॅमिल्टनने दिलं.

हाच त्रिकोण कपडे वाळत घालायच्या दोरीत दिसतो, फक्त फार निमुळता. 4 मीटरच्या दोरीच्या मधोमध 2 किलोचं ओलं कापड हँगरला टांगलं आणि दोरी 20 सेंटीमीटर खाली आली, तर तिच्यातला ताण सुमारे 10 किलो. झोळ नको म्हणून ती ओढून बांधली आणि 5 सेंटीमीटरच खाली येऊ दिली, तर तोच ताण 40 किलो! खिळा उपटतो तो यामुळे. अगदी सरळ दोरीवर तर हातरुमालही राहणार नाही, ती थोडी तरी झुकणारच. दोन आडव्या बाणांची बेरीज कशीही केली तरी त्यातून वर जाणारा बाण निघत नाही.