ज्वालामुखीची राख आणि दख्खनची काळी माती

ज्वालामुखीचे फायदे विचारले की उत्तरपत्रिकेत एक वाक्य हमखास सापडते: ज्वालामुखीमुळे जमीन सुपीक होते, उदाहरणार्थ दख्खनच्या पठारावरील काळी माती. यातला कोणताही भाग सरळसरळ खोटा नाही. मात्र दोन्ही एका दमात म्हटले की जावा बेटावर मेरापी पर्वताच्या उतारावर राबणाऱ्या शेतकऱ्याला आणि मंगळवेढ्याच्या शिवारात शाळू पेरणाऱ्याला एकच लाभ मिळतो, असा समज होऊन बसतो. या दोन जमिनींचे कूळ दूरवर कुठेतरी जुळत असले, तरी त्यांची घडण वेगळी आहे आणि गुणही वेगळे आहेत.

मेरापी हा जागता ज्वालामुखी आहे. २०१० च्या उद्रेकात तेथे साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली, तरीही उतारावरची वस्ती कायमची हटली नाही, आणि त्यामागे जी कारणे आहेत त्यांत तेथील मातीचा वाटा मोठा आहे. ज्वालामुखीची राख म्हणजे चुलीतली राख नव्हे. उडालेला शिलारस हवेत क्षणार्धात थिजून त्याचे जे बारीक कण होतात, त्यांत काचेचा अंश पुष्कळ असतो. या काचेला स्फटिकांची घट्ट बांधणी नसल्यामुळे उष्ण व दमट हवेत ती खडकापेक्षा फार लवकर झिजते आणि पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम मोकळे होतात. त्यातून तयार होणारे अ‍ॅलोफेन नावाचे खनिज कुजलेल्या पाल्यापाचोळ्याला धरून ठेवते, म्हणून ही माती गडद दिसते. मृदाशास्त्रात तिला अँडोसॉल म्हणतात आणि जपानी भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थही गडद माती असाच आहे. तिचे ढेकूळ उचलले तर आकाराच्या मानाने हलके भरते, चिमटीत दाबले तर ओशट लागते. पाणी तिच्यात साठते, तरी मुळांशी तुंबून राहत नाही.

अर्थात राख पडली आणि पीक तरारले, असे घडत नाही. २०१० मध्ये मेरापीच्या पायथ्याच्या सालक फळाच्या बागांत राखेच्या भाराने झावळ्या मोडून पडल्या. राखेचा पातळ थर मातीत मिसळून घेता येतो, जाड थराला मात्र वर्षानुवर्षे थांबावे लागते. म्हणजे आजचा शेतकरी आधीच्या पिढ्यांवर पडलेल्या राखेचे पीक खात असतो. त्याला ताबडतोब मिळते ती वाळू, कारण पावसाळ्यात नद्यांतून वाहून येणारा ज्वालामुखीचा गाळ उपसून बांधकामाला विकला जातो. महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान असलेल्या जावा बेटावर पंधरा कोटींवर लोक राहतात, यामागे अर्थातच इतर कारणेही आहेत. पण अधूनमधून नवी होणारी ही जमीन त्यांतले एक ठळक कारण होय.

आपल्याकडे नवे काही पडत नाही. दख्खनचा शिलारस सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मुख्यतः जमिनीच्या भेगांतून थरावर थर पसरत गेला, आणि त्याचा बेसाल्ट आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. काळी माती मुख्यतः या टणक कातळाच्या झिजेतून आली, राखेतून नव्हे. कमी पावसाच्या प्रदेशात चुना व मॅग्नेशियम धुपून न जाता जागीच राहिले आणि पाण्याने फुगणारी, वाळली की आक्रसणारी चिकणमाती तयार झाली. पावसात हिचा चिखल चपलेसह पाय धरून ठेवतो, तर चैत्रात पडलेल्या भेगेत हातभर काठी सहज उतरते. तिचे खरे धन म्हणजे साठवलेली ओल: पाऊस सरल्यावर वाफसा पाहून पेरलेला शाळू त्याच ओलीवर कणसाला येतो, आणि भेगा बुजवून ती ओल राखण्यासाठी कोळपणी करावी लागते. काळा रंग पाहून मात्र फसू नये. या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आतच असतो, नत्रही बेताचेच. जो थोडा ह्यूमस असतो तो चिकणमातीला घट्ट चिकटल्याने रंग गडद दिसतो.

गंमत म्हणजे स्फुरदाची अडचण दोन्हीकडे आहे, परंतु कारणे उलटी आहेत. आम्लाकडे झुकणाऱ्या राखेच्या मातीत त्याला अ‍ॅल्युमिनियम व लोह बांधून ठेवतात, तर आपल्या चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम. म्हणून एकीकडचा खतांचा सल्ला दुसरीकडे जसाच्या तसा लावता येत नाही.

काळ्या मातीचे सगळे श्रेय ज्वालामुखीला देणाऱ्याने एकदा सह्याद्री ओलांडून रत्नागिरीत उतरावे. मूळ खडक तोच बेसाल्ट. पण तिथल्या धो धो पावसाने त्यातली पोषणद्रव्ये धुऊन नेली आणि मागे लोह व अ‍ॅल्युमिनियमचा तांबडा जांभा उरला. त्या सड्यावर हापूसचे कलम लावायचे तर कित्येक ठिकाणी सुरुंगाने खड्डा काढावा लागतो आणि त्यात भरायची माती दुसरीकडून आणावी लागते.