भुलीचा वायू जातो कुठे?

युरोपीय संघात १ जानेवारी २०२६पासून डेसफ्लुरेन हे भुलीचे औषध वैद्यकीयदृष्ट्या दुसरा पर्यायच नसेल तरच वापरता येते. स्कॉटलंडने ते २०२३मध्येच थांबवले. रुग्णाला अपाय होतो म्हणून नव्हे. अडचण रुग्णाच्या शरीरातून ते बाहेर पडल्यावर सुरू होते.

औषध शरीरात खर्च होऊन जाते, असा आपला समज. डेसफ्लुरेनचा जेमतेम ०.०२ टक्के भाग यकृतात विघटित होतो. बाकीचा जसाच्या तसा उच्छ्वासातून येतो आणि ऑपरेशन थिएटरची शोषणयंत्रणा बहुतेक ठिकाणी तो सरळ बाहेरच्या हवेत सोडते. त्याचे कार्बन-फ्लोरिन बंध ८ ते १२ मायक्रोमीटरच्या पट्ट्यातली अवरक्त किरणे शोषतात, आणि पृथ्वीची बरीचशी उष्णता याच पट्ट्यातून अवकाशात निसटत असते. म्हणून २४० मिलीची एक बाटली, शंभर वर्षांच्या हिशेबाने, सुमारे ९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी भरते. सेव्होफ्लुरेन हे भुलीचे दुसरे औषध किलोमागे दहापटीहून सौम्य, शिवाय श्वासातल्या वायूत लागतेही कमी: ६ टक्क्यांऐवजी २.

पण नुसते औषध बदलून भागत नाही. भूल दिलेल्या माणसाला मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन पुरतो. भुलीच्या यंत्रातला वायू नळ्यांच्या वर्तुळात, म्हणजे सर्किटमध्ये, फिरतो: सोडा लाइमचे दाणे कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, उरलेली वाफ पुन्हा रुग्णाकडे जाते. ताज्या वायूचा प्रवाह सवयीने मिनिटाला सहा लिटर ठेवला, तर ही वाफ परत वापरली जाण्याआधीच झडपेतून बाहेर ढकलली जाते. हिशेब सोपा आहे. प्रवाहाचे लिटर गुणिले व्हेपोरायझरच्या (द्रव औषधाची वाफ करणाऱ्या उपकरणाच्या) डायलवरचे टक्के गुणिले तीन, म्हणजे तासाला लागणारे द्रव औषध, मिलीलिटरमध्ये. २ टक्के सेव्होफ्लुरेन सहा लिटरवर ३६ मिली, अर्ध्या लिटरवर ३. कमी प्रवाहात डायल थोडी चढी ठेवावी लागते, तरीही बचत प्रचंडच.

सुरुवातीची काही मिनिटे सर्किट भरण्यासाठी प्रवाह जास्त ठेवायचा, मग उतरवायचा. श्वासनलिकेत नळी घालताना व्हेपोरायझर नव्हे, प्रवाह बंद करायचा. म्हणजे सर्किटमधली वाफ खोलीत उडत नाही. कमी प्रवाहात रुग्ण ऑक्सिजन वापरत राहतो आणि सर्किटमधले त्याचे प्रमाण घसरते, त्यामुळे ऑक्सिजनचा अलार्म चालू हवाच. वायूचा मॉनिटर नमुन्यासाठी मिनिटाला २०० मिलीपर्यंत वायू ओढतो. तो सर्किटमध्ये परत सोडला नाही तर यंत्रावरची वायूची बॅग रिकामी पडू लागते. कमी प्रवाहात सोडा लाइम लवकर संपते, आणि संपल्याची खूण म्हणून जांभळे पडलेले दाणे रात्रभरात पुन्हा पांढरे दिसू शकतात. रंगावर विसंबू नये, आत जाणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाहावा. भूल झटपट गाढ किंवा हलकी करायची असेल तर प्रवाह तेवढ्यापुरता वाढवावा. नुसती डायल फिरवली तर परिणाम दिसायला कितीतरी मिनिटे जातात.

दारात कुंड्या आणि गच्चीवर सौरपट्ट्या लावून ‘हरित रुग्णालय’ म्हणवणाऱ्यांनी नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूची पाइपलाइनही एकदा तपासावी. एडिंबरा परिसरातल्या सरकारी रुग्णालयांत खरेदी केलेल्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक नायट्रस रुग्णापर्यंत पोचतच नव्हता. ही गळती दाबमापकावर दिसत नाही, कारण सिलिंडरमध्ये द्रव शिल्लक असेपर्यंत काटा हलत नाही. सिलिंडरचे वजन करावे, महिन्याची खरेदी आणि प्रत्यक्ष वापर यांचा ताळा घालावा. फरक मोठा निघाला तर पाइपलाइन बंद करून यंत्रावरच छोटा सिलिंडर बसवावा.