दुखण्यावरची चिकटपट्टी : लावण्याआधी हे वाचा

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की आमच्या मेडिकलवर दिवसभर एकच मागणी असते : "ते चिकटवाची पट्टी द्या न जी, थंडवाली." सोंगणी आटोपत नाही तोच कापूस वेचणी लागते, आणि वाकून वाकून कंबर धरलेल्या बाया संध्याकाळी वावरातून थेट दुकानावर येतात. पट्टी आम्ही विकतो, तिने आराम पडतो हेही खरं. पण बरेच जण तिला जखमेवरच्या टेपसारखी साधी गोष्ट समजतात. ते तसं नाही. पट्टी म्हणजे गोळीसारखंच औषध आहे, फक्त ते तोंडातून न जाता कातडीतून जातं.

कातडीतून काही अंगात जात नाही, असं आपल्या भागात तरी कोणी म्हणू नये. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक कास्तकार आणि मजूर दगावले. ते विष श्वासातून गेलं तसंच ओल्या कपड्यांतून, उघड्या पाठीतून, कातडीतूनही गेलं. पट्टीतलं औषध म्हणजे विष नव्हे, पण अंगात शिरायची वाट तीच आहे.

आधी पाकिटावरचं नाव बघा

दिसायला सगळ्या पट्ट्या सारख्या असतात, आतलं औषध वेगवेगळं असतं. बधिर करणाऱ्या पट्टीत लिडोकेन असतं. त्यालाच लिग्नोकेन असंही म्हणतात. दात काढताना हिरडीत जी सुई देतात, टाके घालताना जागा बधिर करतात, ते बहुतेक वेळा हेच औषध. नसेतून दुखण्याचा निरोप मेंदूकडे जायचा तर नसेच्या आवरणातून सोडियम आत शिरावं लागतं. लिडोकेन ती वाट बंद करतं, म्हणून जागा सुन्न पडते. दुखण्याचं मूळ मात्र तिथेच राहतं, हे विसरू नका.

दुसऱ्या काही पट्ट्यांत डायक्लोफेनॅक असतं. ते सूज उतरवणारं औषध आहे. ज्यांना पोटात अल्सर आहे, किडनीचा त्रास आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत किंवा दुखण्याच्या गोळीने कधी दम लागला होता, त्यांनी ही पट्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. गरोदर बाईने तर नाहीच. आणि एक विनंती : उरलेली पट्टी बैलाच्या सुजल्या खांद्याला लावू नका. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर 2006 पासून बंदी आहे, कारण औषध दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात. जनावरासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा.

तिसऱ्या नुसत्या मेंथॉलच्या, थंडवाल्या. त्या जागा बधिर करत नाहीत, गार वाटून दुखणं मागे पडतं एवढंच.

कोणती पट्टी हवी ते ठाऊक नसेल तर काउंटरवर विचारा. पाच मिनिटं लागतील, पण आम्ही सांगू.

किती वेळ, किती पट्ट्या

लिडोकेनच्या पट्ट्या साधारण 4 टक्के आणि 5 टक्के अशा येतात. 5 टक्क्यांची पट्टी डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्या. तिचा नियम असा : 24 तासांत 12 तास लावायची, 12 तास अंग मोकळं ठेवायचं. 4 टक्क्यांच्या पट्टीला काही कंपन्या 8 तास लिहितात, काही 12. पाकिटावर जे लिहिलं असेल तेच खरं. शेजारणीने काय केलं ते बाजूला ठेवा. एक कंबरेला, एक खांद्याला, दोन गुडघ्यांना असं स्वतःच्या मनाने करू नका. लावल्याची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. काढायची वेळ विसरणं हीच सगळ्यांत नेहमीची चूक आहे.

कातडी धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी करून मगच लावा. तेल किंवा बाम चोळलेल्या जागेवर नको, आणि पट्टीवरून बाम तर मुळीच नको, कातडी भाजल्यासारखी होते. खरचटलेल्या, फोड आलेल्या, खाजवून लाल केलेल्या जागी लावू नका, तिथून औषध पटकन आत जातं. नागीण झाली असेल तर फोड ओले असेपर्यंत थांबा. खपल्या पडून कातडी सुकल्यावर नसेची आग होत राहते, तिच्यासाठी ही पट्टी खरोखर कामाची आहे, पण डॉक्टरांना दाखवून.

लावल्यावर आणि काढल्यावर हात साबणाने धुवा. त्याच बोटांनी डोळे चोळले तर डोळा बधिर होतो आणि गेलेला कचरा कळत नाही.

शेक आणि ऊन : इथेच घात होतो

मागच्या हिवाळ्यात एक काकू आल्या. गुडघ्याला पट्टी लावली होती, तरी ठसठस राहिली म्हणून वरून तव्यावर तापवलेल्या मिठाची पोटली बांधून झोपल्या. सकाळी पट्टी काढली तर खाली रुपयाएवढा फोड. "मला तर काहीच नाही कळलं," म्हणाल्या. कळणार कसं? जागा सुन्न होती. चटका बसला की पाय ओढून घ्यायचा, ही देवाने दिलेली सवयच पट्टीने झोपवली होती. शिवाय उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि औषध ठरल्यापेक्षा जास्त रक्तात जातं. म्हणजे एकाच पोटलीने दोन नुकसानं.

म्हणून पट्टीवर शेक नाही, गरम पाण्याची पिशवी नाही, चुलीजवळ पाठ करून बसणं नाही. पट्टीवर प्लास्टिक किंवा घट्ट फडकं गुंडाळणंही नाही. अमेरिकेत दोन तरुण मुलींनी लेझरने केस काढण्याआधी पायांना बधिर करणारं मलम भरपूर लावलं आणि वर प्लास्टिक गुंडाळलं. दोघी वाचल्या नाहीत. 2007 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने त्याबद्दल जाहीर इशारा दिला. ते मलम आपल्या पट्टीपेक्षा खूप कडक होतं, पण गुंडाळून औषध आत ढकलण्याचा प्रकार तोच.

एप्रिल-मे मध्ये चंद्रपूर-अकोल्याकडे पारा 45 च्या वर जातो. अशा दिवसांत पट्टी लावून उन्हात काम करू नका, रात्रीची लावा : संध्याकाळी 7 ला लावून सकाळी 7 ला काढली तर 12 तास होतात. पाकिटावर 8 तास असतील तर झोपताना लावा. पाठीवर फवारणीचा पंप घ्यायचा असेल तर आधी पट्टी काढा, जागा धुवा.

कोणी आधी विचारावं

लिव्हरचा आजार असेल तर, कारण लिडोकेन लिव्हरमध्येच मोडतं. हृदयाचे ठोके नीट ठेवायच्या गोळ्या चालू असतील तर. गरोदर असाल किंवा लेकरू अंगावर पीत असेल तर. बधिर करणाऱ्या सुईची आधी ॲलर्जी झाली असेल तर. दात काढायला जाणार असाल तर डॉक्टरांना पट्टीचं सांगा. लहान मुलांना ही पट्टी लावू नका.

छातीत दुखून डावा हात किंवा जबडा भरून येत असेल, कंबरेसोबत पाय लुळे पडत असतील, लघवी अडली असेल, तर पट्टी मागायला येऊ नका, सरळ दवाखाना गाठा. सात दिवस लावूनही दुखणं तसंच असेल तरीही डॉक्टरांना दाखवा.

वापरलेली पट्टी

आरशाला टिकली चिकटवावी तशी काढलेली पट्टी खाटेला किंवा भिंतीला चिकटवून ठेवलेली आम्ही पाहिली आहे. 5 टक्क्यांच्या मोठ्या पट्टीत 700 मिलिग्रॅम लिडोकेन असतं. 12 तासांनी काढल्यावरही त्यातलं 95 टक्क्यांच्या आसपास तिच्यातच शिल्लक असतं. म्हणजे आपल्या दृष्टीने संपलेली पट्टी लेकराच्या तोंडात गेली तर जवळपास भरलेलीच आहे. रांगतं पोट्टं जे दिसेल ते तोंडात घालतं, अंगणातला कुत्रा चघळतो. काढल्याबरोबर चिकट बाजू आत घेऊन दुमडा, कागदात गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात टाका. उकिरड्यावर उघडी टाकू नका. नवीन पट्ट्याही फडताळात वर ठेवा.

असं झालं तर

तोंडाभोवती मुंग्या, जीभ जड, तोंडात लोखंडासारखी चव, कानात आवाज, चक्कर, धूसर दिसणं, हातापायाला थरथर, ओठ निळसर पडणं : यातलं काहीही झालं तर पट्टी लगेच काढा, जागा पाण्याने धुवा, 108 ला फोन लावा. झटका आला किंवा शुद्ध हरपली तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात पाणी किंवा चमचा घालू नका. लेकराने पट्टी चघळली असेल तर तोंडातली काढून घ्या, पण ओकारी काढायला लावू नका. त्रास दिसायची वाट न पाहता ग्रामीण रुग्णालयात न्या. पट्टीचं पाकीट सोबत घ्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.

घरात जुन्या पट्ट्या पडल्या असतील, नाव पुसलं असेल किंवा तारीख उलटली असेल, तर पुढच्या बाजाराच्या दिवशी आमच्याकडे आणा. बघून सांगू, पैसे लागत नाहीत.