बायबलची पुस्तकं निकियात ठरली नाहीत

‘सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२५मध्ये निकिया शहरात (आजच्या तुर्कस्तानात) बिशप जमवले आणि बायबलमध्ये काय ठेवायचं यावर मतदान घेतलं.’ इव्हँजेलिकल ख्रिस्ती बायबलला श्रद्धेचं अंतिम प्रमाण मानतात, म्हणून त्यांच्याशी वाद घालताना हे वाक्य हमखास पुढे येतं. त्यात परिषद खरी, सम्राट खरा. मतदानाचा विषय मात्र चुकीचा.

निकियात भांडण होतं एरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीवरून. पुत्र म्हणजे येशू हा पित्याने, म्हणजे देवाने निर्माण केलेला, त्याच्या बरोबरीचा नव्हे, असं तो म्हणे. परिषदेने ते फेटाळलं, विश्वासाची घोषणा लिहिली, ईस्टरच्या तारखेचा वाद मिटवला आणि वीस नियम केले. त्यांत पुस्तकांच्या यादीबद्दल चकार शब्द नाही.

मग ही कंडी पिकली कुठून? नवव्या शतकाच्या अखेरच्या एका ग्रीक संकलनात एक चमत्कार आहे: सगळी पुस्तकं वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली, तेव्हा खरी वर राहिली, खोटी खाली सापडली. म्हणजे घटनेनंतर साडेपाचशे वर्षांनी! पुढे फ्रेंच लेखक व्होल्तेरने या कथेची यथेच्छ टर उडवली आणि थट्टेचाच इतिहास झाला.

प्रत्यक्षात इ.स. १८०च्या सुमारास बिशप इरेनियस चारच शुभवर्तमानं (येशूच्या जीवनाची पुस्तकं) मानत होता. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागाच्या, आजच्या २७ पुस्तकांची नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या ३६७च्या पत्रात मिळते. त्यानंतरही पूर्वेकडच्या चर्चमध्ये ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकावर कुरबुर चालूच राहिली, निकियात निकाल लागला असता तर ती कशाला उरली असती? कॉन्स्टंटाइनने पुढे बायबलच्या ५० प्रती मात्र मागवल्या, राजधानीतल्या चर्चसाठी.