किटबॅशिंग : बंदरकाठच्या इमारती

बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या मॉडेल किटचे सुटे भाग कापून, त्यांच्या जागा बदलून, दुसऱ्या किटच्या भागांशी जुळवून खोक्यावरच्या चित्रात नसलेली वस्तू उभी करण्याच्या पद्धतीला किटबॅशिंग म्हणतात. ‘किट’ आणि ठोकून काढणे या अर्थाचा ‘बॅश’ अशा दोन इंग्रजी शब्दांपासून हे नाव झाले. नावात दांडगाई असली तरी काम मात्र नाजूक हाताचे आणि धीराचे आहे. जहाजे, रणगाडे, चित्रपटांतली अवकाशयाने अशा अनेक प्रतिकृतींत ही पद्धत वापरतात. या नोंदीत तिचा एकच उपयोग घेतला आहे : कारखान्याचे जुने किट मोडून मॉडेल रेल्वेसाठी गोदीच्या काठावरच्या वखारी, धक्के आणि मालाच्या शेड बनवणे.

इमारतींची बहुतेक किट पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकची असतात. अमेरिका आणि युरोप खंडात एचओ हे प्रमाण सर्वाधिक चालते. त्यात मूळ वस्तूच्या १:८७ एवढी प्रतिकृती असते. म्हणजे एका फुटाला ३.५ मिलिमीटर. रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. ब्रिटनमध्ये एका फुटाला ४ मिलिमीटर धरणारे ओओ रूढ आहे. जागा कमी असलेल्यांसाठी १:१६० चे एन प्रमाण आहे (ब्रिटनमध्ये ते १:१४८ धरतात). पुढची सर्व मापे एचओची आहेत.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी छोट्या इमारती मुख्यतः पुठ्ठा आणि लाकूड कापून केल्या जात. १९५० च्या दशकात साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकची किट आली. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्युटेनबाख गावची फालर, अमेरिकेत रेव्हेल, ब्रिटनमध्ये एअरफिक्स ही त्या काळातली ठळक नावे. साचा तयार करणे फार खर्चाचे असल्याने एकच साचा वर्षानुवर्षे वापरात राहतो, कधी एका कंपनीकडून दुसरीकडे जातो. एअरफिक्सची रेल्वेकाठची किट पुढे डापोल या नावाने विकली जाऊ लागली, ती अशीच. परिणाम असा, की हजारो घरांत तोच कारखाना, तेच स्टेशन, तीच गिरणी उभी राहते आणि जाणकाराला ती दुरूनच ओळखू येते. किटबॅशिंगची खरी प्रेरणा या सारखेपणाच्या कंटाळ्यात आहे. अमेरिकेत १९३४ पासून निघणाऱ्या मॉडेल रेलरोडर मासिकातून आर्ट करेन यांनी वर्षानुवर्षे लिहून ही पद्धत सामान्य छंदिष्टांपर्यंत नेली. महागडी किट किंवा दुर्मिळ हत्यारे न वापरता, साध्या दोन-तीन किटांच्या भिंती अदलाबदल करून काय होऊ शकते, हे त्यांनी दाखवले.

बंदरकाठ हा या छंदातला आवडता विषय होण्यामागे जागेचे गणित आहे. न्यूयॉर्कचे उदाहरण घ्यावे. पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून येणाऱ्या बहुतेक रेल्वे कंपन्यांचे रूळ हडसन नदीच्या अलीकडे, न्यू जर्सीच्या काठावर संपत. मालगाड्यांसाठी शहराजवळ पूल नव्हता; १८८९ साली झालेला पकिप्सीचा पूल बराच उत्तरेला होता. म्हणून रूळ बसवलेल्या सपाट तराफ्यांवर वाघिणी चढवून टगबोटींनी त्या पलीकडे नेत. या तराफ्यांना कार फ्लोट म्हणतात. ब्रुकलिनच्या काठावर बुश टर्मिनलसारख्या वसाहतींत वखारी, कारखाने, धक्के आणि रूळ एकमेकांना खेटून उभे राहिले. कार फ्लोटची वाहतूक नंतर जवळजवळ संपली, तरी जर्सी सिटीतले ग्रीनव्हिल आणि ब्रुकलिन यांच्यामध्ये एक सेवा एकविसाव्या शतकातही टिकून आहे. मॉडेल करणाऱ्याला यातून मोठी सोय मिळते. खोलीभर फिरणारा लोहमार्ग नको. दीड-दोन मीटरची फळी पुरते. तराफा आला की वाघिणी ‘बाहेरच्या जगातून’ आल्या, तराफा गेला की त्या गेल्या.

पण अशा फळीची खोली जेमतेम ३० ते ४५ सेंटिमीटर असते. तीत रूळ, धक्का आणि पाणी बसवल्यावर इमारतीला उरते ती तळहाताएवढी पट्टी. इथे जुने किट कामाला येते. समजा, तीन मजली विटांच्या कारखान्याच्या लांब भिंती २१ सेंटिमीटरच्या आणि आखूड भिंती १४ सेंटिमीटरच्या आहेत. चारही भिंती कोपऱ्यात न जोडता एका ओळीत लावल्या, तर ७० सेंटिमीटर लांबीची वखार मिळते. तिची खोली पाच सेंटिमीटर ठेवली तरी पुढून पाहणाऱ्याला मागे काय आहे ते कळत नाही. मागची बाजू काळ्या पुठ्ठ्याने बंद करतात, म्हणजे खिडक्यांतून भिंतीचा रंग दिसत नाही. ज्या किटमधून बुटके चौकोनी खोके होणार होते, त्यातूनच लांबलचक काठ तयार होतो.

जुने किट म्हणजे नेहमी न उघडलेले खोके नव्हे. पुष्कळदा ते कुणीतरी पूर्वी जोडलेले, रंग लागलेले, एक खिडकी हरवलेले असते. जोड कशाचा आहे हे आधी पाहावे लागते. द्रावकाने जोडलेले स्टायरीन वितळून एकजीव झालेले असते. ते उकलू पाहिले तर भिंतच फुटते, म्हणून कोपऱ्यावर बारीक दातांच्या करवतीने कापणे बरे. सुपरग्लूचा जोड मात्र काही तास फ्रीझरमध्ये ठेवला की ठिसूळ होतो आणि हलक्या हाताने सुटतो. ॲक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवून मऊ टूथब्रशने काढता येतो; आधी आतल्या बाजूला थेंबभर लावून प्लॅस्टिकला इजा होत नाही ना, ते पाहतात. वाकडी झालेली भिंत गरम पाण्यात ठेवून सपाट काचेवर वजनाखाली थंड होऊ दिल्यास बरीच सुधारते. उकळते पाणी वापरण्याची घाई करू नये, त्याने विटांचा नक्षीदार पृष्ठभाग कायमचा बिघडू शकतो.

भिंत कापताना पोलादी पट्टी धरून सुरीने एकाच रेषेवर पाच-सहा वेळा ओढतात आणि मग टेबलाच्या कडेवर दाबून तोडतात. पूर्ण आरपार कापायची गरज नसते. कापायचे कुठे, यात खरी पारख लागते. सपाट विटांच्या मधोमध घेतलेला जोड कितीही घासला तरी उजेड तिरका पडला की उघडा पडतो. भिंतीतून बाहेर आलेल्या अर्धस्तंभाच्या कडेला घेतलेला जोड सावलीतच लपतो. जिथे अर्धस्तंभ नाही तिथे पावसाच्या पाण्याचा पाइप जोडावर उभा करतात. विटांचे थर जुळणे ही सर्वांत कठोर परीक्षा. एचओमध्ये दर्जेसकट विटेचा एक थर सुमारे ०.८ मिलिमीटरचा असतो. दोन भिंतींत अर्ध्या थराचा फरक राहिला तर नेमके काय चुकले ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण नजर तिथेच अडखळते. म्हणून जोडायच्या दोन्ही भिंती शक्यतो एकाच किटच्या घ्याव्यात, आणि दुसऱ्या किटची भिंत घ्यायचीच असेल तर ती सरळ वेगळ्या रंगाची, वेगळ्या उंचीची, ‘नंतर बांधलेली’ म्हणून उभी करावी. खऱ्या गोद्या तशाच वाढल्या आहेत. धंदा वाढला की शेजारी एक शेड, आग लागली की वरचा मजला गेला आणि त्यावर पत्रा आला. किटच्या तुकड्यांतली विसंगती इथे दोष राहत नाही, ती इमारतीचा इतिहास होते. म्हणूनच नव्या, महागड्या, खास बंदराच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या किटपेक्षा जुन्या किटमधून केलेला काठ अनेकदा जास्त खरा वाटतो.

इथवरचे काम कोणत्याही किटबॅशिंगमध्ये असते. इमारत बंदराची होते ती जोत्याखाली. कारखान्याचे किट सपाट जमिनीवर उभे राहायचे म्हणून बनवलेले असते, आणि जोत्याखाली काय, याचे उत्तर त्याच्या खोक्यात नसते. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते. भिंत थेट चकचकीत पाण्यावर टेकवली जाते आणि वखार पुरात सापडल्यासारखी दिसते. म्हणून आधी पाण्याची पातळी ठरवायची, मग धक्क्याची उंची, मग रुळांची, आणि शेवटी इमारतीची.

भरती-ओहोटीचा फरक या हिशेबात निर्णायक ठरतो. न्यूयॉर्कच्या बंदरात तो सरासरी साडेचार फूट आहे, म्हणजे मॉडेलमध्ये जेमतेम १६ मिलिमीटर. बॉस्टनला तो साडेनऊ फुटांच्या आसपास, म्हणजे ३३ मिलिमीटर. एवढ्या फरकाने लाकडी खांबांचा किती भाग उघडा दिसेल, काठावरून तराफ्यावर वाघिणी नेणारा पूल किती तिरका होईल, हे सगळे बदलते. हे खांब, म्हणजे तळात ठोकलेले लाकडी पाइल, प्रत्यक्षात फूट-सव्वा फूट जाडीचे असतात. त्यांच्यासाठी ३ ते ४ मिलिमीटर जाडीच्या बांबूच्या किंवा लाकडाच्या काड्या वापरतात. काडीवरून करवतीचे पाते लांबीच्या दिशेने ओढले की लाकडाच्या रेषा उठतात. दोन-चार काड्या किंचित कललेल्या, एखादी मध्येच मोडलेली ठेवतात. बोटींचा धक्का सोसण्यासाठी काही पाइल एकत्र जुळवून वर तार गुंडाळलेली असते, तीही करतात. लाकडाऐवजी दगडी काठ हवा असेल तर मॅनहॅटनचा नमुना आहे : १८७० साली स्थापन झालेल्या डॉक विभागाने तिथल्या काठाला ग्रॅनाइटच्या चिऱ्यांची भिंत घालायला घेतली. प्लास्टरच्या पातळ लादीवर सुईने चिरे कोरून ती सहज साधते.

इमारतीच्या दोन बाजूंना दोन वेगळी कामे असतात. रुळांच्या बाजूला फलाट वाघिणीच्या तळाच्या उंचीला हवा, म्हणजे रुळाच्या माथ्यापासून साधारण १३ मिलिमीटर. किटमधले दार याहून खाली असेल तर त्याच्या पायऱ्या कापून खालचा भाग विटांच्या तुकड्याने भरून काढतात. ४० फुटी बंद वाघीण मॉडेलमध्ये १४० मिलिमीटर लांब असते, तेव्हा मालाची दारेही तेवढ्या अंतराने आली तरच दोन वाघिणी एका वेळी रिकाम्या करता येतील. पाण्याच्या बाजूला खिडक्या कमी, दारे मोठी, आणि वरच्या मजल्याच्या दारावर भिंतीबाहेर आलेली तुळई, तिला कप्पी. किटमधल्या साच्याच्या काड्या, ज्या एरवी फेकून देतात, त्या इथे सोन्यासारख्या. जाड काडीचा बोटभराहून लहान तुकडा, वर घासून गोल केला की दोर बांधायचा खुंटा होतो. तीच काडी मेणबत्तीच्या ज्योतीवरून, ज्योतीला न लावता, मऊ करून हळू ओढली की केसाएवढी तार निघते.

रंगकामात पाण्याजवळचे पट्टे खालून वर जातात. कायम पाण्यात असणारा भाग गडद आणि हिरवट काळा. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा शेवाळी, त्यावर कालवांचे पांढुरके ठिपके. ते खाण्याच्या सोड्याचा चिमूटभर थर ओल्या रंगावर टाकून करतात. त्याच्या वर लाकूड उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने राखाडी पडलेले. पट्ट्याची वरची रेघ सगळ्या खांबांवर, भिंतींवर आणि शिड्यांवर एकाच पातळीला यायला हवी, कारण पाणी एकच आहे. विटांना लाल-तपकिरी रंग वाळल्यावर पातळ केलेला फिकट रंग वरून सोडून लगेच कापडाने पुसतात. तो दर्जांत बसतो आणि विटेच्या तोंडावरून निघून जातो. गंज फक्त लोखंडाखाली उतरतो, सगळीकडे तपकिरी फासू नये. दोर अडकवायच्या कडीखाली एकच बारीक ओघळ आला तरी पुरेसा असतो.

पाणी सर्वांत शेवटी. तळ आधी गढूळ हिरव्या-तपकिरी रंगाने रंगवतात. गोदीचे पाणी निळे नसते. वर चकचकीत ॲक्रिलिक माध्यमाचे थर किंवा दोन भागांचे इपॉक्सी रेझिन येते. रेझिन जाड ओतले तर घट्ट होताना तापते आणि प्लॅस्टिकला त्रास होतो, म्हणून पातळ थरांत ओतावे. ते केसाएवढ्या फटीतूनही गळते आणि खांबांवर, भिंतींवर चढून एक चकाकती कड सोडते. ही कड वाळल्यावर निस्तेज वार्निशने मारावी लागते, नाहीतर एवढ्या मेहनतीने केलेला ओला-कोरडा फरक पुसला जातो.

बंदरकाठाच्या मॉडेलचा विषय निघाला की कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेचे छायाचित्रकार जॉन ॲलन यांचे नाव येते. इमारती वापरलेल्या, झिजलेल्या, वस्तीच्या वाटाव्यात असा आग्रह त्यांनी या छंदात रुजवला. जानेवारी १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या मॉडेल रेल्वेचा बहुतेक भाग आगीत गेला. उरली ती त्यांची छायाचित्रे.

मुंबईसारखे बंदर मॉडेलमध्ये करायचे तर किटबॅशिंगवाचून फारसा मार्ग नाही, कारण भारतीय इमारतींची तयार प्लॅस्टिक किट सहज मिळत नाहीत. प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा, अलेक्झांड्रा म्हणजे आजचा इंदिरा डॉक १९१४ चा, आणि पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १९१५ ची. काळ नेमका ठरवावा लागतो : १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आसपासच्या शेड नष्ट झाल्या, त्यामुळे त्याआधीचा काठ आणि नंतरचा काठ ही दोन वेगळी मॉडेल आहेत. विटांच्या युरोपीय वखारीचे किट घेतले तर छपराला मंगलोरी कौले आणि जोत्याला काळा दगड द्यावा लागेल. इथे उधाणात भरती-ओहोटीचा फरक चार मीटरहून जास्त होतो, मॉडेलमध्ये ४६ मिलिमीटरच्या वर; पण या गोद्या दरवाजे लावून पाणी आत धरून ठेवणाऱ्या, म्हणून गोदीच्या आत पाणी वर दिसेल आणि दरवाज्याबाहेर ओहोटीला भिंत खोलवर उघडी पडेल. एकच अडचण किटने सुटत नाही. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, १:८७ ला तो १९ मिलिमीटरच्या थोडा वर येतो, आणि बाजारात मिळणारे एचओ रूळ १६.५ चे. बहुतेक जण हा फरक चालवून घेतात. पुण्यात कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात या प्रमाणातली गावे, स्टेशने आणि गाड्या चालू स्थितीत जवळून पाहायला मिळतात, आणि विटेच्या थराची, दाराच्या उंचीची मापे डोळ्यांत बसवायला ती जागा उपयोगी आहे.