ध्येयनिश्चिती आणि ध्येयपूर्ती

ध्येयनिश्चिती : आपल्याला काय साध्य करायचे आहे ते ठरवणे आणि ते तडीस जाईपर्यंत आपल्या वागण्याला त्या दिशेने वळण देत राहणे, या दोन्हींना मिळून वैयक्तिक ध्येयनिश्चिती म्हणतात. व्यवहारात हे नाव पहिल्या अर्ध्यालाच चिकटले आहे. नवी वही आणली, यादी केली, तारखा घातल्या की निम्मे काम उरकल्यासारखे वाटते. ‘आरंभशूर’ हा शब्द आणि ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण मराठीत आली ती दुसऱ्या अर्ध्याच्या अनुभवातून. मानसशास्त्रानेही बराच काळ पहिल्या अर्ध्याचाच अभ्यास केला. ठरवणे आणि करणे यांच्या मधल्या दरीकडे त्याचे लक्ष नीट वळले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस.

इच्छा, संकल्प, ध्येय आणि योजना हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांत फरक आहे. ‘पोहता आले तर किती बरे’ ही इच्छा. तिच्यासाठी काहीच सोडावे लागत नाही. ‘या वर्षी पोहायला शिकायचेच’ हा संकल्प. ‘न थांबता दोनशे मीटर पोहणे’ हे ध्येय, कारण ते गाठले की नाही याबद्दल वाद उरत नाही. आणि ‘मंगळवारी व शुक्रवारी सकाळी साडेसहाला तलावावर, पिशवी आदल्या रात्रीच दाराशी’ ही योजना. बहुतेकांची गाडी संकल्पावर अडते. संकल्प करताना मिळणारे समाधान ध्येयपूर्तीच्या समाधानाशी इतके मिळतेजुळते असते की मनाची सहज फसगत होते.

सिद्धांताची जडणघडण

1935 मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सेसिल अलेक मेस यांनी साध्या कामांवर प्रयोग करून पाहिले. ‘जमेल तेवढे चांगले करा’ असे सांगितलेल्यांपेक्षा ठरावीक आकडा समोर ठेवलेल्यांची प्रगती जास्त झाली. हा धागा अमेरिकेतील एडविन लॉक यांनी पुढे नेला. त्यांचा 1968 सालचा निबंध या विषयाचा पाया मानला जातो. गॅरी लॅथम यांच्यासह त्यांनी 1990 मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. तिचा गाभा असा : नेमके आणि अवघड ध्येय हे सोप्या किंवा मोघम ध्येयापेक्षा जास्त काम करून घेते. अट एवढीच, की माणसाने ते मनापासून स्वीकारलेले असावे, त्याच्या अंगी ते गाठण्याची कुवत असावी आणि आपण कुठवर आलो हे त्याला वेळोवेळी कळत राहावे.

यातले सर्वांत बोलके उदाहरण प्रयोगशाळेबाहेरचे आहे. अमेरिकेत लाकूडतोडीच्या धंद्यातले ट्रकचालक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या जेमतेम 60 टक्के लाकूड भरून निघत. ट्रक अर्धामुर्धा भरला म्हणजे खेपा वाढतात. ‘शक्य तितके भरा’ असे त्यांना पूर्वी सांगून झालेच होते. लॅथम आणि सहकाऱ्याने 94 टक्क्यांचे ध्येय ठेवले; बक्षीस नाही, आणि गाठता आले नाही तर शिक्षाही नाही. पहिल्या महिन्यात भार सुमारे 80 टक्क्यांवर गेला, दुसऱ्यात 70 पर्यंत घसरला आणि तिसऱ्यात 90 च्या पुढे जाऊन तिथेच टिकला. मधली घसरण मुद्दाम केलेली होती. शिक्षा होणार नाही हा शब्द खरा की नुसता बोलाचा, हे चालक तपासून पाहत होते. हा अभ्यास 1975 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘शक्य तितके’ या शब्दांत बसत नाही असे काही नसतेच. जे झाले तेच शक्य होते असे नंतर म्हणता येते. 94 हा आकडा मात्र तशी सूट देत नाही.

सिद्धांताला मर्यादाही आहेत. काम नवे आणि गुंतागुंतीचे असेल तर कामगिरीचा आकडा उलट आड येतो. 1989 मध्ये रूथ कॅन्फर आणि फिलिप ॲकरमन यांनी विमान वाहतूक नियंत्रणाच्या नकली कामावर प्रशिक्षणार्थींना बसवले. शिकण्याच्या सुरुवातीलाच ज्यांना कामगिरीचे लक्ष्य दिले त्यांचे काम बिघडले. हात बसल्यावर दिलेले लक्ष्य उपयोगी पडले. ज्याला अजून पाण्यात श्वास सोडता येत नाही त्याला दोनशे मीटरचे ध्येय कामाचे नाही. त्याने ‘श्वासाच्या तीन पद्धती करून पाहीन’ असे शिकण्याचे ध्येय ठेवावे.

‘स्मार्ट’ आणि एक दंतकथा

ध्येय विशिष्ट, मोजता येणारे, साध्य, वास्तव आणि कालबद्ध असावे हे ‘स्मार्ट’ सूत्र (पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे SMART) आता सर्वतोमुखी आहे. ते जॉर्ज डोरन यांनी नोव्हेंबर 1981 मध्ये व्यवस्थापकांच्या एका मासिकात मांडले. मूळ लेखात तिसऱ्या अक्षराचा (A) अर्थ ‘साध्य’ नव्हता. काम कोणाकडे सोपवले आहे हे स्पष्ट असावे, असा होता. सूत्र कचेरीतून माणसाच्या खासगी वहीत आले तेव्हा सोपवायला दुसरे कोणी उरले नाही, म्हणून अर्थ बदलला असावा. प्रत्येक ध्येयात पाचही गुण असलेच पाहिजेत असे नाही, हे डोरन यांनी स्वतःच नोंदवले होते. सूत्र पाठ करणाऱ्यांनी ती ओळ सोडून दिली.

याच्या जोडीने एक गोष्ट हमखास सांगितली जाते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या 1953 च्या तुकडीतील अवघ्या 3 टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येये लिहून ठेवली होती आणि वीस वर्षांनी त्यांची संपत्ती उरलेल्या 97 टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त भरली, अशी ती गोष्ट. कधी येलच्या जागी हार्वर्ड येते, कधी साल बदलते. असा अभ्यास झालाच नव्हता. शोध घेणाऱ्यांना त्याचा मागमूस सापडला नाही. लिहून ठेवण्याचा उपयोग आहेच, पण तो सिद्ध करायला ही कथा नको.

ठरवणे ते करणे

पास्कल शीरन आणि टॉमस वेब यांनी 2016 मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा पक्के ठरवलेल्या गोष्टींपैकी साधारण निम्म्याच प्रत्यक्षात उतरतात असे दिसले. उरलेल्या निम्म्यांचे खापर आपण इच्छाशक्तीवर फोडतो. पण पोहण्याचे राहिले त्या मंगळवारी नेमके काय घडले हे आठवून पाहिले, तर बहुधा निर्धार कमी पडलेला नसतो. गजर बंद केला, टॉवेल सापडेना, फोनवर एक निरोप आला आणि सात वाजले. न जाण्याचा निर्णय असा कोणी घेतलेलाच नसतो.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचे काम नेमके इथले आहे. हाइन्झ हेकहाउझेन यांच्यासह 1987 मध्ये त्यांनी ठरवण्यापूर्वीची आणि ठरवल्यानंतरची मनःस्थिती वेगळी असते असे मांडले. आधी माणूस फायदे-तोटे तोलतो. एकदा ठरले की ‘का’ मागे पडून ‘कसे’ आणि ‘केव्हा’ पुढे यावे लागतात. त्यासाठी त्यांनी सुचवलेले साधन अगदी साधे आहे : ‘अमुक प्रसंग आला की मी तमुक करीन’ असे वाक्य आधीच ठरवून ठेवणे. त्याला अंमलबजावणीचा संकल्प म्हणता येईल. एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी नाताळच्या संध्याकाळनंतर दोन दिवसांत एक अहवाल लिहून पाठवायचा होता. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी लिहून दिले, त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी तो वेळेत लिहिला. बाकीच्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांनी. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यायामाच्या अभ्यासातला फरक तर डोळ्यांत भरणारा आहे. आठवड्यातून एकदा व्यायाम करण्याची वेळ आणि जागा लिहिणाऱ्यांपैकी 91 टक्के लोकांनी तो केला. व्यायामाचे फायदे समजावणारा मजकूरच फक्त वाचलेल्यांत हे प्रमाण 35 टक्के होते, आणि काहीच न सांगितलेल्यांत 38 टक्के. प्रेरणा देणाऱ्या भाषणांवर जेवढा वेळ खर्च होतो त्याच्या तुलनेत हे आकडे फार कमी लोकांना ठाऊक आहेत.

या वाक्याची ताकद अशी की निर्णयाची वेळ आधीच उरकलेली असते. सकाळी साडेसहाला, अर्धवट झोपेत, ‘जाऊ का नको’ याची चर्चा सुरू झाली की तिचा निकाल ठरलेला असतो. ‘पाऊस असेल तर छत्री घेऊन निघेन’ असे अडचणीसाठीही वाक्य करून ठेवता येते. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांच्या पद्धतीत हेच आहे. त्यांना वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांच्या अभ्यासात (1991) असे दिसले, की यशाची खात्री वाटणाऱ्यांचे वजन जास्त उतरले, पण यशाची गोड स्वप्ने रंगवणाऱ्यांचे कमी. म्हणून फळ डोळ्यांसमोर आणल्यावर लगेच आपल्यातली आडकाठी कोणती हेही पाहावे आणि मग तिच्यासाठी ‘जर-तर’ योजना करावी, असे त्या सुचवतात.

वेळेचा अंदाज

किती दिवस लागतील याचा अंदाज माणूस जवळजवळ नेहमी कमी धरतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी 1979 मध्ये याला नियोजनाचा भ्रम असे नाव दिले. 1994 च्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी 34 दिवसांचा अंदाज सांगितला. सगळेच बिनसले तर किती लागतील, असे विचारल्यावर 49 दिवस सांगितले. प्रत्यक्षात सरासरी 55 हून अधिक दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही अपुरा पडला. उपाय कंटाळवाणा आहे : या वेळी काय होईल हे कल्पून न पाहता मागच्या वेळी अशाच कामाला किती दिवस लागले ते वहीत शोधावे.

सवय आणि नोंद

21 दिवसांत सवय लागते हे वाक्य प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या 1960 च्या पुस्तकातील निरीक्षणावरून पसरले. बदललेल्या चेहऱ्याची रुग्णांना ओळख पटायला किमान 21 दिवस लागतात असे त्यांना दिसले होते. वाटेत ‘किमान’ गळून पडले आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या रोजच्या एका छोट्या कृतीचा पाठपुरावा केला, तेव्हा ती अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) 66 आला, आणि माणसामाणसांत फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक कामाची आहे : मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडत नाही. दिनदर्शिकेवरची खुणांची साखळी तुटली म्हणून वही फाडून टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

प्रगतीची नोंद ठेवण्याच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. 2016 च्या एका आढाव्यात 138 अभ्यास एकत्र पाहिले गेले. प्रगती वारंवार तपासणाऱ्यांचे यश जास्त होते, आणि ती लेखी असेल किंवा दुसऱ्याला कळवली जात असेल तर आणखी जास्त. वही काही भारी लागत नाही. तारीख, मीटर आणि एक शेरा पुरतो : ‘मंगळ, 75, दम लागला’, ‘शुक्र, गेलो नाही, जागरण’. महिन्याभराने पान उलटले की शुक्रवारचे रकाने रिकामे दिसतात आणि दोष निर्धाराचा नसून गुरुवारच्या रात्रीचा आहे हे कळते.

मग ध्येय चारचौघांत सांगावे का? गोलविट्झर यांच्या 2009 च्या प्रयोगांत, आपल्या ओळखीशी जोडलेला मनसुबा (जसे ‘मी उत्तम वकील होणार’) दुसऱ्याने ऐकून घेतला की त्यासाठीचे कष्ट घटले. वरच्या आढाव्याशी हे विसंगत वाटते, पण तसे नाही. एका ठिकाणी मनसुबा सांगितला जातो, दुसरीकडे झालेले काम.

नवीन वर्षाचे संकल्प

जॉन नॉरक्रॉस यांनी 1980 च्या दशकात नववर्षाचे संकल्प करणाऱ्या 200 अमेरिकनांचा दोन वर्षे मागोवा घेतला. आठवड्यानंतर 77 टक्के लोक संकल्पावर टिकून होते, दोन वर्षांनी 19 टक्के. स्वीडनमध्ये हजाराहून अधिक जणांवर केलेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, काही करण्याचे संकल्प काही टाळण्याच्या संकल्पांपेक्षा अधिक टिकले : सुमारे 59 टक्के विरुद्ध 47 टक्के. टाळायच्या गोष्टीला वेळ आणि जागा नेमून देता येत नाही, हे एक कारण असू शकते.

ध्येय सोडणे

आकड्याच्या मागे लागल्याने नुकसानही होते. लिसा ओर्दोन्येझ आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये याची जंत्रीच दिली : नजर एका ठिकाणी खिळून बाकीचे दिसेनासे होणे, लबाडीची उबळ, कामातला मूळचा रस आटणे. लॉक आणि लॅथम यांनी त्याला कडक उत्तर दिले आणि वाद बराच रंगला.

याहून कमी बोलले जाते ते ध्येय सोडून देण्याबद्दल. कार्स्टन रॉश आणि सहकाऱ्यांच्या 2003 च्या अभ्यासानुसार, न जमणाऱ्या ध्येयातून हात काढून घेऊन दुसऱ्या अर्थपूर्ण ध्येयाकडे वळू शकणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य अधिक चांगले असते. अडचण अशी की थकवा आला म्हणून सोडणे आणि मार्ग बंद झाला म्हणून सोडणे आतून सारखेच जाणवते. त्यामुळे थांबण्याची अटही सुरुवातीलाच, डोके शांत असताना लिहून ठेवलेली बरी : खांदा सलग सहा आठवडे दुखला तर दोनशे मीटर रद्द, पाण्यात चालणे सुरू. अशी अट लिहिलेली वही क्वचितच पाहायला मिळते.