पिशवीच्या ऑपरेशननंतर घरी : अचानक काही वेगळं जाणवलं तर

(आमच्या घरपोच शुश्रूषा सेवेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नागपूर)

गर्भाशयाची पिशवी काढायचं ऑपरेशन नीट झालं, टाके कोरडे आहेत, डॉक्टरांनी सुट्टी दिली. रामदासपेठेतून किंवा धंतोलीतून निघालेली गाडी मानेवाड्याला, जरीपटक्याला, नाहीतर थेट भंडारा-गोंदियापर्यंत पोचते. आणि रात्री पेशंटचा खांदा दुखायला लागतो. ऑपरेशन पोटाचं, दुखतो खांदा! घरचे घाबरतात आणि आमचा फोन वाजतो. अशा फोनांवर आम्ही जे वारंवार सांगतो, तेच इथे छापलं आहे.

आम्ही घरी सिस्टर आणि मावशी पाठवतो, वर-खाली होणारा पलंग आणि कमोडची खुर्ची भाड्याने देतो. आम्ही डॉक्टर नाही. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं आणि या पत्रकातलं जुळत नसेल, तर कार्ड खरं.

एक गोष्ट मात्र आधी सांगतो, कारण बाकी सगळं विसरलात तरी ती पुरेल. ऑपरेशननंतरचा त्रास रोज थोडा थोडा कमी व्हायला हवा. कालच्यापेक्षा आज बरं आहे का, एवढंच विचारत राहा. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढू लागलं, तर कारण शोधत बसू नका, डॉक्टरांना फोन करा. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनला हे जास्तच लागू आहे. तिथे छिद्रं लहान असतात म्हणून सगळं लहानच वाटतं, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोटदुखी वाढत असेल तर आतमध्ये आतड्याला किंवा लघवीच्या नळीला इजा झाल्याची शक्यता डॉक्टरांना तपासावी लागते.

घाबरवतं, पण बहुधा आपोआप जातं

खांद्यापासून सुरुवात करू. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. शेवटी तो काढून टाकतात, तरी थोडा उरतो आणि छाती-पोटामधल्या पडद्याला डिवचतो. त्या पडद्याची नस मानेतून खाली येते, त्यामुळे मेंदूला वाटतं की खांदाच दुखतोय. उठून बसलं की जास्त, आडवं पडलं की कमी. दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्याभरात जातं. खांद्यावर कोमट शेक चालतो, थोडं चालणं त्याहून चांगलं. मात्र खांद्याबरोबर छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर हा वायू समजून थांबू नका.

पोटावर काळेनिळे डाग दिसतात. काही छिद्रांजवळचे असतात, काही रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर दिलेल्या इंजेक्शनचे. ते हिरवट-पिवळे होत खाली सरकतात आणि मावळतात. टाक्यांभोवती बधिरपणा येतो, कारण कातडीतल्या बारीक नसा कापल्या जातात. तो महिनोन्‌महिने राहू शकतो, त्याला औषध लागत नाही. घसा दुखतो, तो भूल देताना घातलेल्या नळीमुळे. "कूस बदलली की आत काहीतरी सरकतं," असं बऱ्याच जणी दबक्या आवाजात सांगतात. पिशवीची जागा आतडी भरून काढतात, रिकामी पोकळी राहत नाही. आणि थकवा! दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाई बरी दिसू लागते, घरचे निर्धास्त होतात, आणि नेमकं तेव्हाच दुपारी अंगातला जीव गेल्यासारखं वाटतं. ऑपरेशनच्या आधी महिनोन्‌महिने रक्त गेलेलं असतं, हिमोग्लोबिन कमी असतं. लोहाच्या गोळ्या सुरू असतील तर शौचाचा रंग काळा होतो, तेही चालेल.

पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल, तर एक वेगळी डोकेदुखी लक्षात ठेवा. उठून बसलं की डोकं फुटतं, आडवं झालं की थांबतं. ही पहिल्या काही दिवसांत येते. धोक्याची वाटली नाही तरी डॉक्टरांना कळवा. तिच्यावर नेमका इलाज आहे, उगाच सोसायचं कशाला?

अंगावरून जाणं

सर्वाधिक प्रश्न याचेच, आणि विचारणाऱ्या बहुतेक वेळा पेशंटच्या जाऊबाई किंवा मुली.

पिशवी काढल्यावर आत, योनीच्या टोकाला टाके असतात. ते विरघळणारे असतात. तोवर थोडं लाल, मग तपकिरी, मग पिवळसर-पांढरं जात राहतं. चार ते सहा आठवडे असं चालू शकतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात टाके विरघळताना मध्येच जरा वाढतं, कधी दोऱ्याचा बारीक तुकडा पॅडवर दिसतो. तो दोरा पाहून एका घरात "टाके उसवले" म्हणून रडारड झाली होती. टाका विरघळताना दोरा पडतोच.

पॅड वापरा, आत ठेवायचं काहीही वापरू नका. पॅड बदलताना तीन गोष्टी पाहा : रंग, वास, किती भिजलं. तासाभरात पूर्ण पॅड भिजलं, मोठ्या गाठी पडल्या किंवा वास घाण येऊ लागला, तर त्याच वेळी दवाखाना.

आणखी एक गोष्ट आहे, जी बायका सर्वांत जास्त लपवतात. पहिल्या दोन आठवड्यांत कधी कधी पाण्यासारखं, लघवीचा वास येणारं, थांबवता न येणारं अंगावरून जाऊ लागतं. उठता-बसता कपडे ओले. "लाज वाटते, दोन दिवस बघू," असं म्हणत पंधरवडा जातो. मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये छिद्र पडलेलं असू शकतं. ते दुरुस्त होतं, पण दाखवल्याशिवाय नाही. यात बाईचा काहीही दोष नसतो.

गरम वाफा की ताप?

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय काढले असतील, तर पाळी जाण्याचा त्रास वर्षांमध्ये नाही, काही दिवसांतच सुरू होतो. रात्री घरचे कूलरसमोर पांघरूण ओढून झोपलेले आणि पेशंट घामाने भिजून उठून बसलेली. चेहरा तापतो, छाती धडधडते, पाच मिनिटांत सगळं शांत. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना हे उन्हाचं की तापाचं, काहीच कळत नाही. कपाळाला हात लावून ठरवू नका. डिजिटल थर्मामीटर घ्या, काखेत नीट धरा, आकडा लिहा. पॅरासिटामॉल घेण्याच्या आधी मोजा, नंतर मोजलं तर गोळी ताप झाकून टाकते. पहिल्या दिवशी किंचित अंग गरम असणं वेगळं. त्यानंतर १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला, थंडी वाजून आली, तर डॉक्टर.

अंडाशय ठेवले असतील तर "हार्मोन संपले" असं म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. ते आपलं काम करत राहतात, फक्त पाळी येत नाही. कार्डावर काय काय काढलं ते लिहिलेलं असतं, नसेल तर विचारून घ्या. गरम वाफांवर उपाय आहेत, पण ते शेजारणीच्या गोळ्यांनी करायचे नाहीत.

रडू येतं, चिडचिड होते, झोप उडते. अंडाशय असोत-नसोत, हे होतं. आठवडे उलटले तरी मन वर येत नसेल, जेवण-बोलणं सुटत असेल, तर तेही तपासणीच्या वेळी सांगायचं दुखणं आहे.

इथे वाट पाहायची नाही

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते : पायात रक्ताची गुठळी असू शकते. पोटरी चोळू नका, शेकू नका, लगेच दाखवा. अचानक दम लागला, छातीत कळ आली, चक्कर येऊन पडली : १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. गुठळीचा धोका पहिल्या दिवसापुरता नसतो, काही आठवडे राहतो.

पोट दगडासारखं टणक, उलट्या थांबत नाहीत, वारा सरत नाही. कमरेच्या वर, कुशीत एका बाजूला सारखं दुखतं. कॅथेटर (लघवीसाठी बाहेरून घातलेली नळी) काढल्यावर चार-सहा तास लघवीच झाली नाही, किंवा लघवी करायची आहे पण होत नाही. यातलं काहीही झालं, तर सकाळची वाट पाहू नका.

टाक्यांतून पू, वाढत जाणारी लाली, घाण वास. पाचव्या-सातव्या दिवशी जखमेतून गुलाबी पाणी येऊन कपडे ओले होत असतील, तर तेही दाखवा. ते किरकोळ असू शकतं, पण पाहिल्याशिवाय कळत नाही.

क्वचित घडतं, पण माहीत हवं : कधी खोकताना, जोर लावताना किंवा संबंधानंतर खालून अचानक पाणी-रक्त येतं, काहीतरी बाहेर आल्यासारखं वाटतं. आतले टाके उघडलेले असू शकतात. आडवं झोपवा, काही बाहेर दिसत असेल तर स्वच्छ ओलं कापड ठेवा, आत ढकलू नका, खायला-प्यायला देऊ नका, १०८ ला फोन करा.

घरचे उपाय : काय चालतं, काय नाही

आमच्याकडे पिशवीच्या ऑपरेशननंतर बाईला बाळंतिणीसारखं ठेवायची पद्धत आहे. त्यातलं जेवण हातात आणून देणं उत्तम. शेगडी, धुरी, टाक्यांना हळद-तेल, गच्च पोट बांधणं : यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पट्टा सांगितला असेल तरच लावा, आणि झोपताना सैल करा. सव्वा महिना खाटेवरून उठायचंच नाही, हा नियम तर घातकच. पाय न हलवल्यानेच गुठळ्या होतात. घरातल्या घरात दिवसातून अनेकदा चाला, खाटेवर पडल्यापडल्या पावलं वर-खाली हलवा. ऑपरेशननंतर गोंदिया, बालाघाट, चंद्रपूर अशा लांबच्या प्रवासाला निघालात, तर गाडी तासा-दीड तासाने थांबवा आणि चार पावलं टाका.

बद्धकोष्ठ सगळ्यांनाच होतं. लघवीला जायला दुखतं म्हणून पेशंट पाणी कमी करते, पाणी कमी म्हणून लघवीत जळजळ आणि शौचाला खडा, मग जोर लावते. आमच्या मावशी इथेच सर्वांत जास्त भांडतात. पाणी, ताक, वरणाचं पाणी देत राहा, इसबगोल किंवा लिहून दिलेलं औषध वेळेवर द्या, कमोडवर पायांखाली लहान पाट ठेवा. खोकला किंवा शिंक आली की पोटावर उशी दाबून धरायची. सावजी रस्सा काही आठवडे थांबू शकतो, तो नागपूर सोडून कुठे जात नाही.

उन्हाळ्यात पोटाच्या घडीखालचे टाके घामाने ओले राहतात. स्वच्छ सुती कापडाने टिपून कोरडे करा, पावडर घालू नका.

वजन, आणि कूलर

"जड उचलू नका" असं सांगितलं की सगळ्या मान डोलावतात. जड म्हणजे काय, ते मोजत कुणी नाही. पहिले सहा आठवडे साधारण चार-पाच किलोच्या वर नको. १० लिटरची भरलेली बादली १० किलोची. संध्याकाळी कूलरमध्ये पाणी कोण ओततं, ते घरी आल्या दिवशीच ठरवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी पेशंटच बादली उचलताना दिसते. पाइप लावा, मुलाला सांगा, मावशीला सांगा. ओल्या कपड्यांची बादली, गॅसचा सिलेंडर, धान्याची पोती, नातू कडेवर घेणं, सगळं यातच आलं.

महालक्ष्म्यांच्या दिवसांत आमचं काम वाढतं. सोळा भाज्यांचा स्वयंपाक, मोठी पातेली, दिवसभर उभं राहणं. ऑपरेशन होऊन महिनाच झालेली सूनही "बसून कसं राहायचं" म्हणून उठते आणि रात्री रक्त जातं म्हणून फोन येतो. यंदा पातेली दुसऱ्याने उचलली तर महालक्ष्म्या रागावणार नाहीत.

पती-पत्नीचे संबंध किमान सहा आठवडे नाहीत, आणि त्यानंतरही डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच. हे नवऱ्यालाही समोर बसवून सांगायला हवं. तिच्यावर सोडलं तर ती सांगत नाही.

सांगायचं कुणाला?

आपल्या बायका अंगावर काढतात. "काही नाही होत जी, सगळ्यांनाच होते," असं शेजारीण म्हणते आणि पेशंट गप्प बसते. मुलाला किंवा सासऱ्यांना खालचं कसं सांगायचं, म्हणून ती जाऊ किंवा बहीण येईपर्यंत थांबते. म्हणून उशाशी एक वही ठेवा. ताप, पॅड किती बदलली, लघवी, शौच, कुठे दुखलं. बोलायचं नसेल तर ती लिहील, मावशी वाचेल, डॉक्टरांना फोनवर तेच वाचून दाखवता येतं. "त्रास होतोय" यापेक्षा "काल दोन पॅड, आज दुपारपर्यंत पाच" हे डॉक्टरांना लगेच समजतं.

काही अडलं तर पहिला फोन ऑपरेशन केलेल्या दवाखान्यात, दुसरा आम्हाला. रात्री दवाखान्यात कुणी उचललं नाही तर जवळचा मोठा दवाखाना किंवा मेडिकलची (नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची) कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग, गाठा, सोबत डिस्चार्ज कार्ड, चालू औषधं आणि ती वही न्या. आमची मावशी टाक्यांवर हात लावणार नाही, इंजेक्शन देणार नाही, औषध बदलणार नाही. ड्रेसिंग आणि इंजेक्शन सिस्टरकडेच, तेही डॉक्टरांच्या लेखी सूचनेवर. आग्रह करू नका.

आणि काढलेली पिशवी तपासायला पाठवलेली असते, तिचा रिपोर्ट येतो. दुखणं थांबलं की तो आणायचं राहून जातं. टाके दाखवायला जाल त्या दिवशी आठवणीने मागून घ्या आणि डॉक्टरांकडून वाचून घ्या.